तुझी सोसनाची रोपं

शमीम, तुझा इम्रान पडेगावचं घर रिकामं करून गावात, दुकानावरच्या खोल्यांत राहायला जाणार हे कळलं तेव्हा मला आधी तुझी रोपं आठवली. माणसं नंतर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बराबर है, माणसं चालत जातील, रोपं कशी जातील?" तू जाऊन चाळीस दिवस व्हायचे होते, तुझा चाळिसावाही झाला नव्हता. घरात येणारंजाणारं चालूच होतं, आणि मी तुझ्या सुनेला कोपऱ्यात घेऊन विचारत होते की मागच्या अंगणातल्या कुंड्या-पिशव्यांचं काय करणार. तबस्सुमनं माझ्याकडं असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. मग ती म्हणाली, "खाला, ती तुमचीच की. अम्मी म्हणायच्या, अर्धी मंगलची, अर्धी मंगलशी भांडायला."

हे वाक्य तू मला कधी ऐकवलं नव्हतंस. ऐकवलं असतंस तर त्यावरही एक भांडण झालं असतं.

तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. एवढी मैत्री, रोज भिंतीवरून चहा, आणि डोळ्यांत पाणी नाही म्हणजे काय! त्यांचं चुकलं नाही. पण मी बसस्थानकाच्या आरक्षणाच्या खिडकीत नोकरी काढलेली बाई आहे. समोर गर्दी उसळली की मला फक्त पुढचं काम दिसतं. त्या दिवशीही मी खुर्च्या मोजल्या, पाण्याचे जार मागवले, खुलताबादहून तुझ्या भावाची गाडी कुठवर आली ते विचारत राहिले. तुला नेलं तेव्हा बायका दारात थांबल्या, मीही थांबले. सगळे दिसेनासे झाल्यावर मी आत जाऊन तुझ्या रोपांना पाणी घातलं. दुसरं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आपली गाठच मुळी भांडणातून पडली. माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि मला तिची ओढणी आईच्या लुगड्याच्या रंगाची करून हवी होती. लुगडं कधीच विरून गेलेलं, उरलं होतं फक्त नाव: सोसनी. सगळ्या दुकानांतून "वो क्या होता है?" ऐकून ऐकून मी तुमच्या रंगाऱ्याच्या दुकानात आले. तुझे मियाँ भट्टीपाशी होते, गल्ल्यावर तू होतीस. मी म्हणाले, "सोसनी रंग द्या. धुतल्यावर न जाणारा."

तू म्हणालीस, "सोसनी देते. पर धुतल्यावर जाणार नाय, ह्याचा भरोसा कोण देणार?"

"मग तो सोसनी कसला? उन्हाला, धुण्याला सोसतो म्हणून तर सोसनी."

त्यावर तू जी हसलीस! पदरानं डोळे पुसलेस, आतून मियाँना हाक मारलीस आणि माझं वाक्य त्यांना तिखटमीठ लावून ऐकवलंस. ते बिचारे माझ्यासमोर हसू दाबत उभे. "अगे माय, सोसन फूल है, फूल! त्या फुलाचा रंग तो सोसनी. सोसणं-बिसणं काय नाय त्यात. सोसायचं काम बायकांचं, फुलांचं नाय."

मला राग आला. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी त्या शब्दाचा हाच अर्थ धरून चालले होते. आईनं ते लुगडं नेसून काय काय सोसलं हे मी पाहिलं होतं, त्यामुळं मला तो अर्थ पटलेलाही होता. मी विचारलं, "तुम्ही पाहिलंय का हे फूल?"

"नाय."

"तुमच्या मियाँनी?"

"नाय."

"त्यांच्या वडलांनी?"

"सासऱ्यांनी पण नाय पाहिलं. पर रंग आम्हाला ठाऊक आहे."

"ज्याचा रंग ते फूल कुणी पाहिलंच नाही, मग रंग बरोबर आला हे तुम्हाला कळतं कसं?"

तू गप्प झालीस. तुला मी गप्प केल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा पहिला. ओढणी मात्र सुरेख केलीस. निळ्याकडं झुकलेला जांभळा, सावलीत गडद आणि उन्हात हसरा. मी तुझ्या तोंडावर म्हणाले, "छान आहे, पण आईच्या लुगड्याचा हा नाही. तो जरा लालसर होता." तू म्हणालीस, "मग तो आमसुली असणार. तुझी माय त्याला सोसनी म्हणायची, चूक तिची." माझ्या मेलेल्या आईला चूक म्हणणारी बाई! मी तिथून पाय आपटत निघाले. क्रांती चौकापर्यंत येताना रिक्षात मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "बरं."

आमच्या ह्यांचं तुला ठाऊकच आहे. देवमाणूस, पण भांडायला निरुपयोगी. भाजी खारट झाली तरी बरं, अळणी झाली तरी बरं. तुमच्या घराचं काम आमच्या शेजारच्या प्लॉटवर सुरू झालं आणि विटा मोजायला तू उभी दिसलीस, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणालाच सांगितला नाही. तुलाही नाही. आज सांगते. मला वाटलं, चला, म्हातारपणाची सोय झाली.

फोनवर फोटो पाहायचा उपाय आपण केलाच. सोसन म्हणजे आयरिस, एवढं इम्राननं शोधून दिलं. पण त्या आयरिसात पांढरी निघाली, पिवळी निघाली, काळपट, गुलाबी, दुरंगी, काय वाट्टेल ती. मी म्हणाले, "घे, आता ह्यातलं कोणतं तुझं?" तू फोन बाजूला ठेवलास. "फोनमधला रंग म्हणजे काय रंग असतो का? दुपट्ट्याचा फोटो पाठवून लोक मला म्हणतात असाच द्या. प्रत्येकाच्या फोनात वेगळा. मंगल, डोळ्यानं बघायचं. उगवून बघायचं."

माझ्या पुतणीनं पुण्याहून बी पाठवलं. काळंभोर, गोल, चकचकीत, हुबेहूब मिऱ्यांसारखं. पाकिटावर लिहिलं होतं की बियांना आधी थंडी दाखवा. थंडी कुठून आणणार? तू ते ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलंस. तबस्सुम तेव्हा नवी नवरी. सासूला खूश करायला तिनं ताहरी, म्हणजे तुमचा मसालेभात, करायला घेतली आणि फ्रिजमध्ये मिळालेली मिरी खलबत्त्यात टाकली. तू किंचाळलीस ती मला भिंतीपलीकडं ऐकू आली. मी पळत आले तर पोरगी रडते आहे, तू खलबत्ता छातीशी धरून उभी आहेस आणि इम्रानला कळेना की आईला झालंय काय. नशीब, बत्ता अजून उचलला नव्हता. त्या ताहरीत शेवटी मिरी पडलीच नाही, पण आपण तिघींनी ती चापून खाल्ली.

त्या बियांची रोपं झाली आणि त्यातली बरीचशी तूच उपटलीस. हो, तूच! चष्मा लावायचा नाही, "मेरेकू दिसतंय" म्हणायचं आणि गवत म्हणून आपलीच रोपं उपटून कोपऱ्यात फेकायची. मी त्या ढिगातलं एक उचलून तुझ्या बोटांत दिलं. गवताची काडी बोटांत फिरवली की गोल फिरते. सोसनाची फिरत नाही, ती बुडाशी चपटी असते, मिटलेल्या पंख्यासारखी. तू ती बराच वेळ बोटांत धरून राहिलीस. पुढं जन्मभर तू हे सगळ्यांना असं शिकवायचीस की जणू शोध तुझाच.

उरलेल्या रोपांना दुसऱ्या वर्षी फूल आलं. तुझी हाक आली तेव्हा माझ्या हाताला कणीक होती, तशीच आले. तू अंगणात कमरेवर हात ठेवून उभी, आणि समोर दांड्यावर नारिंगी फूल. अंगभर लाल ठिपके.

"ये सोसन है?" तू मला विचारलंस, जणू मीच ते घडवलं होतं. "इसकू तो गोवर निकल्या!"

मला हसू आवरेना. पुतणीला फोन केला तर ती म्हणाली, हेही आयरिसच्याच कुळातलं, आपल्याकडच्या उन्हात हेच टिकतं. काश्मीरची निळी इथं यायची नाहीत. तू ते मानलं नाहीस. शेवटपर्यंत नाही. "कुळातलं असंल, पर सोसन नाय." मी म्हणायची, "कुळ एक तर फूल एक." तू म्हणायचीस, "तुझा भाऊ पण तुझ्या कुळातला, त्याला मंगल म्हणू का?" संध्याकाळी त्या फुलानं मिटताना स्वतःला पीळ घातला, तू ओढणी पिळतेस तसा. ते पाहून मात्र तू जरा मऊ झालीस. "काम तर आपलंच करतंय," म्हणालीस.

मग कळलं की ह्या नारिंगीचाच एक संकर आहे, त्यात जांभळीही निघतात. पण बी पेरलं तर कुठल्या रोपाला कुठला रंग येईल ते फूल उमलेपर्यंत देवालाही ठाऊक नाही. मी साधा मार्ग सांगितला: जांभळ्याचा गड्डा विकत आणू, लावू, मोकळे होऊ. तुला ते अपमानास्पद वाटलं. "विकतचाच रंग पाहिजे असता तर डबीतला काय वाईट होता? मला निघालेला पाहिजे." मी म्हणाले, आपली वयं काय, दोन-दोन वर्षं वाट पाहायची म्हणजे काय. तू म्हणालीस, "तुला कुठं गाडी पकडायची आहे?" आलं मिश्र रंगांचं पाकीट.

ह्या वेळी फ्रिज नको, हे तू आधीच ठरवलं होतंस. "ज्यांचं माहेर खुलताबादला नाय त्यांनी फ्रिज वापरावा." तिथं डोंगरावर थंडी आपल्यापेक्षा जास्त, म्हणून बी पेरलेले दह्याचे रिकामे डबे तू थर्माकोलच्या खोक्यात भरलेस, खोकं मांडीवर घेतलंस आणि जीपमध्ये बसून निघालीस. मी तुला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले होते. लोक विचारत होते, काय आहे, केक का? मी सांगितलं, "बी माहेरी चाललंय, बाळंतपणाला." तू मला शिवी दिलीस आणि मग स्वतःच दहा जणांना हाच विनोद सांगितलास.

थंडी सरता सरता तुझ्या भावाचा फोन आला. आपण दोघी तुझ्या ओट्यावर शेंगा सोलत होतो. भाऊ म्हणाला, "आपा, तुझ्या डब्यांत नुसतं गवत उगवलंय. फेकून देऊ का?"

आपण दोघी एकदमच ओरडलो. तू फोन तोंडाशी धरलास. "हात नक्को लावू! थांब. एक काडी बोटात धर. उपटू नको रे बाबा, धर नुसती. आता फिरव. गोल फिरते का चपटी लागते?"

पलीकडं डबा सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "चपटी हाय, आपा."

तू फोन खाली ठेवलास आणि माझ्या हातावर हात मारलास. शेंगांची टोपली सांडली. शमीम, इतकी खूश तू इम्रानला मुलगा झाला तेव्हाही नव्हतीस, आणि तुला खोटं वाटत असेल तर तबस्सुमला विचार.

खुलताबादहून डबे परत आणून, वेगळी करून एकेका कुंडीत, पिशवीत रोपं लावलीस ती तूच. मला लावू दिलं नाहीस. "तुझा हात जड आहे. तू तिकिटं फाडलीस जन्मभर." मी फक्त पाणी घालायचं. रोप मानेला धरायचं नाही, पानाला धरायचं, पान गेलं तरी दुसरं येतं. चमच्यानं मातीसकट उचलायचं. आणि प्रत्येक पिशवीच्या एका बाजूला तू रंगाचा एक ठिपका लावत होतीस, दुकानातला राणी रंग. मी विचारलं, हे काय? तर तो ठिपका उगवतीकडं ठेवायचा, रोप कुठंही हलवलं तरी, म्हणजे त्याला गोंधळायला होत नाही. मी म्हणाले, "रोपाला दिशा कशाला? त्याला काय नमाज पढायचाय?" तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, "तुझी तुळस दारासमोरच कायकू असते, असं मी कधी विचारलं का?" मी गप्प. हा दुसऱ्या हाताचा हिशेब, त्यात तू मला गप्प केल्याचे प्रसंग आहेत आणि बोटं पुरत नाहीत.

मग उन्हाळ्यात तुझं छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात मी यायची तेव्हा तू विचारायचीस ते रोपांचं. सावलीत आहेत का. टोकं पिवळी पडली का. मी सांगायची, "तुझ्यापेक्षा बरी आहेत." शेवटच्या वेळी आले तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता. तू म्हणालीस, "पाऊस झाला की जमिनीत लावायची. तू लाव."

"मी नाही. माझा हात जड आहे."

"जड हातानं लाव, पर लाव."

"तू घरी ये आणि तूच लाव."

एवढंच. नर्सनं बाहेर काढलं. मला म्हणायचं होतं की घाबरू नकोस. मला हेही म्हणायचं होतं की नोकरी सुटल्यावर मी कुणाचीच उरले नव्हते, आणि मला रोज सकाळी उठून कुणाला तरी काहीतरी ऐकवायचं असतं हे फक्त तुला कळलं. पण तुझ्यामाझ्यात असली वाक्यं कधी नव्हतीच. ती एकदम त्या खाटेपाशी काढली असती तर तू घाबरली असतीस. म्हणाली असतीस, डॉक्टर काय बोलला, खरं सांग. म्हणून मी भांडले. ते तुला कळलं असेल असं धरून चालते.

तर आषाढात, तुमचं सामान टेम्पोत चढत असताना, मी आणि तबस्सुमनं तुझी रोपं भिंतीवरून आमच्याकडं घेतली. ती पलीकडून द्यायची, मी अलीकडून घ्यायची. एकेक पिशवी घेताना ती सांगायची, "खाला, ठिपका." इम्रान दोर बांधायचं सोडून आला आणि म्हणाला, अम्मीच्या कबरीवर एक लावू का? तिथं सब्जा लावलाय. मी म्हणाले, ने, पण रोज पाणी घालायला कोण जाणार? तो म्हणाला, मी. आणि जातोय शमीम, दुकान उघडायच्या आधी जातो. हे तुला सांगायचंच होतं.

आमच्या अंगणात काळी माती. पाणी धरून ठेवते, त्यात गड्डे सडतात. म्हणून ह्यांना बरोबर घेऊन मुरूम आणला, वाफा उंच केला. हे "बरं" म्हणाले आणि खरंच राबले. सगळं तू सांगितल्यासारखं केलं. गड्डा पुरायचा नाही, त्याच्या पाठीला ऊन लागलं पाहिजे. ठिपका उगवतीला. फक्त पानं अर्धी छाटायची वेळ आली तेव्हा माझा हात चालेना. इतकी महिनोन् महिने वाढवलेली पानं. तू म्हणायचीस, नव्या जागी मुळं धरेपर्यंत एवढा पसारा कोण पोसणार. ते पटत होतं, तरी कात्री घेऊन मी नुसती बसले होते. शेवटी तबस्सुमनं पहिल्या रोपाची पानं छाटली. मग बाकीची मी छाटली, जड हातानंच.

दुसऱ्या दिवशी सगळी माना टाकून पडलेली. मी ह्यांच्यावर ओरडले, मुरूम जास्त झाला म्हणून. माझंच काहीतरी चुकलं, मी तुझं एकच राहिलेलं काम मातीत घालवलं, असं वाटत होतं. मी दिवसभर आतबाहेर करत होते. जेवण जाईना. तुझ्यासाठी माझा घास अडला तो तेव्हा, शमीम. तुला मातीत ठेवलं त्या दिवशी मी सगळ्यांना वाढून स्वतः जेवले होते.

दोन रोपं गेली. बाकीच्यांच्या मधोमध, छाटलेल्या पानांच्या बेचक्यातून, हिरवी टोकं वर आली. भिंतीपाशी जाऊन हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मग मिटलं. पलीकडं आता एक जोडपं राहतं, दोघंही नोकरीला जातात. चांगली आहेत. दिवाळीचा फराळ देईन त्यांना.

रोपं पुढच्या वर्षीच फुलतील असं पुतणी म्हणाली होती. पण एकानं भाद्रपदातच दांडा काढला. कळी धरली. मी रोज वाकून पाहायची. कळीवरून काही कळत नाही, हिरवी कात असते. एका संध्याकाळी ती फुगलेली दिसली आणि मी तबस्सुमला फोन केला की उद्या सकाळी उघडणार, एकच दिवस टिकतं, ये. ती पोराला शाळेत सोडून तशीच रिक्षानं आली. हातात अजून घराची किल्ली.

फूल उघडलेलं होतं. आम्ही दोघी वाफ्यापाशी उभ्या राहिलो.

निळ्याकडं झुकलेला जांभळा होता, शमीम. सावलीतल्या पाकळीत गडद, आणि जिथं ऊन पडलं होतं तिथं हसरा. मी आत जाऊन लेकीची ओढणी आणली नाही, आणायची गरज नव्हती. तूच बरोबर होतीस. न पाहता, तुझ्या सासऱ्यांनीही न पाहता, तुमच्या भट्टीवर हाच रंग निघत होता. आईच्या लुगड्याचा रंग दुसराच असणार.

तबस्सुम माझ्या तोंडाकडं पाहत होती. तिला ठाऊक होतं, निकाल मी द्यायचा आहे. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, मान तिरकी करून फुलाकडं पाहिलं आणि चांगलं ठणकावून म्हणाले, "सोसनी नाही. आमसुली आहे."

आणि उलट उत्तरासाठी थांबले.

तबस्सुमनं क्षणभर फुलाकडं पाहिलं. मग मान हलवून हळूच म्हणाली, "हौ खाला. तुम्ही म्हणता तर आमसुलीच."

मी तिथंच वाफ्याच्या कडेला खाली बसले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.